बर्लिन-टोकियो मैत्रीचें मर्म

१९४२ सालच्या जानेवारी महिन्याच्या १८ तारखेस बर्लिन शहरीं जर्मनी, इटली व जपान या तीन राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांनीं एका कागदावर सह्या केल्या. पृथ्वीच्या गोलावर ७० अंश पूर्व रेखांशाची जी रेषा आहे, ती या राष्ट्रांच्या युद्धक्षेत्रांची सीमा समजावी; तिच्या पश्चिमेस जर्मनी व इटली यांनीं लढावें, पूर्वेस जपाननें लढावें, असें त्या कागदांत ठरलें होतें. हिंदुस्थानच्या नकाशावर ही रेषा शोधली तर ती काठेवाडांत जामनगरच्या अगदीं जवळून जाते. कराची पश्चिमेकडे राहते; मुंबई, पुणें, गोवा, नागपूर हीं सारीं जपानच्या वांट्यास येतात. त्या दिवसांत काळ्या पडद्याआड दिवा लावून रेडिओच्या बातम्या ऐकणाऱ्या मुंबईकरांना, आपली वांटणी परस्पर अशी होऊन गेली आहे, याची कल्पना असणें शक्यच नव्हतें.

अर्धें जग एका रेषेनें वांटून घेणारीं हीं राष्ट्रें परस्परांचीं जिवलग मित्र असलीं पाहिजेत, असें कोणासही वाटेल. वस्तुस्थिति अगदीं निराळी होती. सबंध युद्धांत जर्मन व जपानी सेना एकाही मोठ्या रणांगणावर खांद्याला खांदा लावून लढल्या नाहींत. एकाच्या मनांतील मुख्य बेत दुसऱ्यास बहुधा तो अमलांत आल्यावरच कळे. दोघांचें संयुक्त असें सेनापतिमंडळ, इंग्लंड-अमेरिकेनें उभारलें तसें, कधींच अस्तित्वांत आलें नाहीं. मग हीं दोन राष्ट्रें एकत्र आलीं तरी कशासाठीं? दोन्ही लष्करशाहीचीं भक्त, दोन्ही साम्राज्याला हपापलेलीं, म्हणून एकत्र आलीं, असें उत्तर सहज देतां येतें. परंतु दोन भुकेलेले एका पानावर बसले म्हणजे त्यांची मैत्री होते असा कांहीं नियम नाहीं. खरें उत्तर या दोघांच्या परस्परप्रेमांत नसून, प्रत्येकास ज्या तिसऱ्याची भीति वाटत होती त्या तिसऱ्यांत आहे. हा तह एकमेकांस मदत करण्यापेक्षां इतरांस धाक दाखविण्यासाठीं झाला होता.

मागील इतिहास पाहूं गेल्यास मैत्रीस विशेष कारण नव्हतें. उलट वैरास होतें. मेजी राजवटीच्या आरंभीं जपान जर्मनीस गुरुस्थानीं मानीत असे, हें खरें. १८८५ सालीं मेकेल नांवाचा प्रशियन मेजर टोकियोस आला व त्यानें जपानच्या नव्या सेनेस युद्धशास्त्राचे धडे दिले. इतो हिरोबुमि हा थोर मुत्सद्दी बर्लिन व व्हिएन्ना येथें राज्यघटनांचा अभ्यास करून परतला आणि १८८९ ची जपानी राज्यघटना बऱ्याच अंशीं प्रशियाच्या नमुन्यावर तयार झाली. पण गुरूनें लवकरच शिष्याचा हात पिरगाळला. १८९५ सालीं चीनचा पराभव करून जपाननें लिआओतुंग द्वीपकल्प मिळविलें, तोंच रशिया, फ्रान्स व जर्मनी या तिघांनीं मिळून तें परत करावयास लावलें. ‘पूर्वेकडील शांततेसाठीं’ हा सल्ला होता म्हणे! तीनच वर्षांत रशियानें त्याच द्वीपकल्पावरील पोर्ट आर्थर स्वतःकडे भाडेपट्ट्यानें घेतलें आणि जर्मनीनें किआओचाउचें बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्यानें बळकावलें. कैसर विल्यमनें तर ‘पिवळ्या संकटा’चें एक चित्र काढवून रशियाच्या झारला भेट म्हणून पाठविलें. हा अपमान जपान विसरला नाहीं. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतांच, इंग्लंडशीं असलेल्या १९०२ च्या तहाचें निमित्त करून, जपाननें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें व नोव्हेंबरमध्यें त्सिंगताओ सर केलें. पॅसिफिक महासागरांतील मारियाना, कॅरोलाइन व मार्शल हीं जर्मन बेटेंही त्यानें घेतलीं आणि पुढें राष्ट्रसंघाच्या आदेशपत्रानें तीं त्याच्याकडेच राहिलीं. त्या युद्धांत पकडलेले चार हजारांहून अधिक जर्मन कैदी जपानांत नेण्यांत आले. त्यांना बऱ्यापैकीं सन्मानानें वागविण्यांत आलें हें नमूद केलें पाहिजे. बांदो येथील छावणींतल्या कैद्यांनीं १९१८ च्या जून महिन्यांत बीथोव्हेनची नववी सिंफनी वाजविली, आणि ती संपूर्ण रचना जपानच्या भूमीवर प्रथम ऐकूं आली ती अशी बंदिवानांच्या वाद्यांतून.

म्हणजे पहिल्या महायुद्धांत जपान विजेत्यांच्या पंक्तीला होता व जर्मनी पराभूतांच्या. तरीही वीस वर्षांच्या आंत दोघेही एकाच प्रकारच्या असंतोषाच्या वाटेनें चालूं लागले. १९१९ च्या पॅरिस परिषदेंत, सर्व वंशांची समता राष्ट्रसंघाच्या सनदेंत नमूद करावी, अशी सूचना जपाननें मांडली. बहुमत अनुकूल असूनही, अशा बाबतींत एकमत हवें, असा निर्णय अध्यक्ष विल्सन यांनीं दिला आणि ती सूचना बारगळली. १९२२ सालीं वॉशिंग्टन येथें मोठ्या युद्धनौकांचें प्रमाण ठरलें, त्यांत इंग्लंड व अमेरिका यांस प्रत्येकीं पांच व जपानला तीन असा हिशेब झाला. इंग्लंडबरोबरचा जुना तहही तेथेंच मोडीत निघाला. १९२४ च्या कायद्यानें अमेरिकेनें जपानी स्थलांतरितांस दार बंद केलें. पुढें १९३१ सालीं जपानी लष्करानें मांचुरिया गिळला व राष्ट्रसंघानें त्याचा निषेध केला, तेव्हां १९३३ च्या फेब्रुवारींत मात्सुओका योसुके हा जपानचा प्रतिनिधि जिनेव्हाच्या सभागृहांतून उठून चालता झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हिटलरच्या जर्मनीनेंही राष्ट्रसंघास रामराम ठोकला.

दोघेही एकाच घरांतून बाहेर पडले, एवढ्यावरून दोघांची वाट एकच होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मुख्य अडचण चीनची होती. ज्या काळीं जपान चीनचे लचके तोडीत होता, त्याच काळीं जर्मन सेनापति चँग कै-शेकच्या सैन्यास कवायत शिकवीत होते! फॉन झेक्ट, त्याच्यामागून फॉन फाल्केनहाउझेन, असे नांवाजलेले अधिकारी नानकिंगमध्यें सल्लागार म्हणून राहिले. जर्मन कारखाने चीनला तोफा-बंदुका पुरवीत व बदल्यांत टंगस्टन ही, पोलाद कठीण करणारी, दुर्मिळ धातु घेत. जर्मनीचें परराष्ट्रखातें, सेना व कारखानदार या तिघांचाही कल चीनकडे होता. चँगच्या दत्तक पुत्रानें जर्मनींत लष्करी शिक्षण घेतलें आणि १९३८ सालीं ऑस्ट्रियांत शिरलेल्या जर्मन सैन्यांत तोही होता.

वंशाच्या तत्त्वज्ञानाचाही येथें उपयोग नव्हता. आपल्या ‘माइन काम्फ’ या पुस्तकांत हिटलरनें जपान्यांस संस्कृति निर्माण करणारे न मानतां, इतरांनीं निर्मिलेली संस्कृति वाहून नेणारे, अशा दुय्यम पायरीवर बसविलें होतें. उलट यहुद्यांच्या छळाचें जर्मन धोरण जपाननें उचललें नाहीं. १९३८ च्या डिसेंबरांत जपानी मंत्र्यांनीं यहुद्यांस इतर परकीयांप्रमाणेंच वागवावें असें ठरविलें. १९४० च्या उन्हाळ्यांत, बर्लिनशीं तह होण्यास दोन महिनेही उरले नसतां, लिथुआनियांतील सुगिहारा हा जपानी वकील, सरकारी नियम बाजूस सारून, यहुदी निर्वासितांसाठीं दोन हजारांहून अधिक प्रवासाचे परवाने स्वतःच्या हातानें लिहीत बसला होता. मतें जुळलीं म्हणून मनें जुळलीं, असें या मैत्रीविषयीं म्हणणें धाडसाचें होईल.

मग पहिली गांठ बांधली कोणी? दोन्ही देशांच्या परराष्ट्रखात्यांनीं नव्हे, तर त्या खात्यांस वळसा घालणाऱ्या दोन माणसांनीं. एक रिबेनट्रॉप, हा पूर्वीं मद्याचा व्यापारी, पुढें हिटलरच्या मर्जींतला व स्वतःचें निराळें परराष्ट्र-कार्यालय थाटून बसलेला. दुसरा जपानच्या बर्लिन येथील वकिलातींतला लष्करी प्रतिनिधि ओशिमा हिरोशि. अस्खलित जर्मन बोलणारा व जर्मनीच्या प्रेमांत आकंठ बुडालेला. या दोघांच्या खासगी बोलण्यांतून १९३६ च्या नोव्हेंबरच्या २५ तारखेचा ‘कॉमिंटर्नविरोधी करार’ जन्मास आला. त्यावर जर्मनीतर्फे परराष्ट्रमंत्र्यानें सही केली नाहीं, तर त्या वेळीं लंडन येथें राजदूत असलेल्या रिबेनट्रॉपनें केली. कॉमिंटर्न म्हणजे मॉस्कोची आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटना. रशियाचें नांव न घेतां रशियाच्या घरावर दगड मारण्याची ही युक्ति होती. गुप्त पुरवणींत एवढेंच होतें कीं, रशियानें दोघांपैकीं एकावर अकारण हल्ला केल्यास दुसऱ्यानें रशियाचा भार हलका होईल असें कांहीं करूं नये. मदतीस धांवून जावें, असा शब्द नव्हता. बोलून चालून हें ‘न करण्या’चें वचन होतें. पण मांचुरियाच्या सीमेवर रशियाची वाढती सेना पाहणाऱ्या जपानी लष्करास तेवढें पुरेसें वाटलें, आणि पोलंडपलीकडील रशियाकडे पाहणाऱ्या हिटलरलाही.

या कराराची पहिली कसोटी लागली ती मात्र चीनमध्यें. १९३७ च्या जुलैंत चीन-जपान युद्ध पेटलें. शांघायच्या वेशीवर तीन महिने जपानी सैन्यास अडवून धरणाऱ्या चिनी पलटणींतील उत्तमोत्तम पलटणी जर्मनांनीं तयार केलेल्या होत्या. हातांतलीं शस्त्रेंही जर्मन होतीं. नानकिंग पडल्यावर जपानी सैनिकांनीं तेथें जे अत्याचार केले, त्यांतून हजारों चिनी नागरिकांस वांचविणाऱ्या सुरक्षित विभागाचा प्रमुख योहान राबे हा सीमेन्स कंपनीचा अधिकारी व नाझी पक्षाचा सभासद होता, हेंही विचित्रच. ट्राउटमान या जर्मन राजदूतानें दोघांत समेट घडविण्याची खटपट केली. जिंकल्यावर जपानच्या अटी वाढत गेल्या आणि १९३८ च्या जानेवारींत ती खटपट फसली. आतां हिटलरला एकाची निवड करणें भाग होतें. फेब्रुवारींत रिबेनट्रॉप परराष्ट्रमंत्री झाला, जर्मनीनें मांचुकुओच्या बाहुल्या-राज्यास मान्यता जाहीर केली, आणि उन्हाळा संपण्यापूर्वीं जर्मन सल्लागार चीनमधून परत बोलावण्यांत आले. टंगस्टनचा व्यापार बुडाला, कारखानदार चरफडले. हिटलरनें हा तोटा पत्करला, कारण त्याच्या हिशेबांत चीन इंग्लंडला भिववूं शकत नव्हता. जपानचें आरमार भिववूं शकत होतें. इंग्लंडचें लक्ष सिंगापूर व हाँगकाँगकडे गुंतून राहिलें म्हणजे युरोपांत आपले हात मोकळे, हा त्या निवडीचा अर्थ होता.

परंतु येथेंच दोघांच्या वाटा पुन्हां फुटल्या. जर्मनीस इंग्लंडविरुद्ध तह हवा होता. जपानी लष्करास तो रशियाविरुद्ध हवा होता. आणि जपानी आरमारास तो मुळींच नको होता. आरमाराच्या विरोधांत भावना नव्हती, हिशेब होता. जहाजांना लागणारें तेल जपानांत निघत नसे; त्यांतलें सुमारें ८० टक्के अमेरिकेहून विकत येई. आरमारमंत्री योनाइ व त्याचा दुय्यम यामामोतो, जो पुढें पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा सूत्रधार झाला तोच, यांचें म्हणणें असें कीं, इंग्लंड-अमेरिकेशीं लढावें लागेल असा करार करण्याइतकें आपलें आरमार समर्थ नाहीं. १९३९ च्या पूर्वार्धांत हिरानुमाच्या मंत्रिमंडळांतील पांच मंत्री या एका प्रश्नावर ७० हून अधिक वेळां बसले व उठले. यामामोतोच्या जिवास धोका आहे असें पाहून त्यास किनाऱ्यावरून आरमाराच्या ताफ्यावर धाडण्यांत आलें.

हे खलबत चालू असतांनाच मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहान येथें जपानी व रशियन फौजांची मे महिन्यापासून जुंपली होती. २० ऑगस्टला झुकॉव्हनें रणगाडे घालून जपानी फौजेस वेढलें. आणि २३ ऑगस्टला रिबेनट्रॉप मॉस्कोंत स्टालिनशेजारीं उभा राहून रशिया-जर्मनी अनाक्रमण-करारावर सही करीत होता! जपानी सैनिक रशियाच्या तोफांखालीं मरत असतां त्यांच्या ‘कॉमिंटर्नविरोधी’ दोस्तानें कॉमिंटर्नच्या धन्याशीं हस्तांदोलन केलें. टोकियोस आगाऊ सल्लामसलतीचा शब्दही आला नव्हता. युरोपांतील परिस्थिति आकलनापलीकडची गुंतागुंतीची झाली आहे, असें सांगून हिरानुमाच्या मंत्रिमंडळानें २८ ऑगस्टला राजीनामा दिला. मैत्रीचा हा अध्याय येथें संपला, असेंच त्या दिवशीं टोकियोंत सर्वांस वाटलें असलें पाहिजे.

ती पुन्हां जिवंत केली ती १९४० च्या मे-जूननें. सहा आठवड्यांत हॉलंड, बेल्जम व फ्रान्स कोसळले. इंग्लंडही पडणार असा रंग दिसूं लागला. या यजमानांच्या आशियांतील वसाहती एकाएकीं पोरक्या झाल्या: डच ईस्ट इंडीजमधील तेल, इंडोचीनमधील तांदूळ व रबर, मलायांतील कथील व रबर. जपानला जें जें हवें होतें तें तें बेवारस पडलेलें दिसलें. ‘बस चुकवूं नका’ हा शब्दप्रयोग त्या उन्हाळ्यांत जपानांत तोंडोतोंडीं झाला. लष्करानें आपला मंत्री काढून घेऊन योनाइचें मंत्रिमंडळ पाडलें. जुलैंत कोनोये मुख्य प्रधान झाला आणि परराष्ट्रखातें जिनेव्हांत फडा काढणाऱ्या त्याच मात्सुओकाच्या हातीं गेलें.

या घाईमागें आणखी एक भय होतें, व त्याकडे पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. बस चुकण्याची भीति होती, तशी बसमध्यें आधींच कोणी बसून राहील अशीही होती. हॉलंड व फ्रान्स जर्मनीनें जिंकले होते. उद्यां हिटलरनें त्यांच्या वसाहतींवर विजेत्याचा हक्क सांगितला तर? आणि १९१४ सालीं घेतलेलीं पॅसिफिकमधील बेटेंही परत मागितलीं तर? तेव्हां ‘पूर्व आशिया आमचा’ हें जर्मनीकडून लेखी वदवून घेणें जपानला अत्यंत निकडीचें वाटलें. म्हणजे जर्मनीशीं झालेला तह, एका अर्थानें, जर्मनीपासून बचाव म्हणूनही होता.

जर्मनीची गरजही आतां बदलली होती. ऑगस्ट गेला, सप्टेंबर लागला, इंग्लंड पडेना. उलट अमेरिका त्यास जुन्या विनाशिका देऊं लागली. इंग्लंडचा आधार तुटावा म्हणून अमेरिकेस पॅसिफिकमध्यें गुंतवून ठेवणें अवश्य झालें. ७ सप्टेंबरला स्टाहमेर हा रिबेनट्रॉपचा खास दूत टोकियोस पोंचला आणि अवघ्या तीन आठवड्यांत, जें एका वर्षांत ७० बैठकींनीं झालें नव्हतें, तें झालें. विरोध करणारा आरमारमंत्री आजारी पडून बाजूस झाला. नव्या मंत्र्यानें, लष्कराशीं फूट नको म्हणून, मान डोलावली. यामामोतोनें कोनोयेस स्पष्ट सांगितलें होतें कीं, अमेरिकेशीं लढाई झालीच तर सहा महिने, फार तर वर्षभर, आपण पराक्रम गाजवूं. पुढचा भरंवसा देतां येत नाहीं. तें ऐकूनही कोनोये पुढें गेला, यांत त्याचा दुबळेपणा दिसून येतो.

२७ सप्टेंबर १९४० रोजीं बर्लिन येथें रिबेनट्रॉप, इटलीचा च्यानो व जपानचा कुरुसु यांनीं त्रिराष्ट्र-करारावर सह्या केल्या. जपाननें युरोपांत जर्मनी-इटलीचें नेतृत्व मान्य केलें, त्यांनीं पूर्व आशियांत जपानचें. चालू युद्धांत नसलेल्या एखाद्या राष्ट्रानें तिघांपैकीं एकावर हल्ला केल्यास इतरांनीं सर्व मार्गांनीं साहाय्य करावें, हें तिसरें कलम म्हणजे कराराचा गाभा. रशियाशीं असलेल्या संबंधांस यामुळें बाध येत नाहीं, असें पांचव्या कलमांत म्हटलें असल्यामुळें, हें न लढणारें राष्ट्र म्हणजे अमेरिकाच, हें शाळकरी मुलासही कळण्यासारखें होतें. तथापि टोकियोंत मात्सुओका व जर्मन राजदूत ओट्ट यांच्यांत जीं गुप्त पत्रें झालीं, त्यांचा आशय असा कीं, हल्ला झाला किंवा नाहीं हें त्या वेळीं विचारविनिमयानें ठरवावयाचें. म्हणजे प्रत्यक्ष लढण्याची वेळ आली तर जपानच्या हातांत पळवाट होतीच. ज्या तहाच्या पोटांत अशी पळवाट ठेवावी लागते, तो तह लढण्यासाठीं केलेला नसतो. समोरच्यानें भ्यावें म्हणून केलेला असतो.

मात्सुओकाचा पक्का समज असा कीं, अमेरिकन माणूस ताठ उभ्या राहिलेल्यास मान देतो व वांकणाऱ्यास लाथ मारतो. तो मुलगा असतांना अमेरिकेस गेला होता व ऑरेगॉनच्या विद्यापीठाचा पदवीधर होता. त्यामुळें आपण अमेरिकेस ओळखतों या त्याच्या म्हणण्यास वजन आलें. परंतु त्याचा अंदाज साफ चुकला. जपानी सैन्य उत्तर इंडोचीनमध्यें शिरलें व हा करार झाला, त्याच आठवड्यांत अमेरिकेनें जपानला भंगार लोखंड विकणें बंद करण्याची घोषणा केली. तोंपर्यंत अमेरिकन जनतेच्या डोळ्यांसमोर युरोपांतील युद्ध व चीनमधील युद्ध हीं दोन निरनिराळीं प्रकरणें होतीं. या सहीनें जपाननें तीं दोन्ही एक करून दिलीं. अमेरिकेस दूर ठेवण्यासाठीं उभारलेलें बुजगावणें तिला जवळ बोलावूं लागलें.

पुढील वर्षाची हकीकत म्हणजे दोन दोस्तांनीं परस्परांच्या ताकास तूर लागूं न दिल्याची हकीकत आहे. एक उपकार जर्मनीनें जरूर केला. १९४० च्या नोव्हेंबरांत ‘अटलांटिस’ या जर्मन चाचे-जहाजानें सुमात्राजवळ ‘ऑटोमेडन’ हें इंग्रजी जहाज पकडलें. त्यांत सिंगापूरकडील संरक्षण किती लंगडें आहे हें सांगणारे ब्रिटिश मंत्रिमंडळाचे गुप्त कागद सांपडले. ते टोकियोस पोंचून जपानी आरमाराच्या हातीं पडले. सिंगापूरवर चाल करा, हा त्यामागचा हेतु. १९४१ च्या मार्चमध्यें मात्सुओका बर्लिनला गेला, तेव्हां हिटलरनें पुन्हां सिंगापूरचीच टकळी लावली. मात्र तीन महिन्यांनीं आपण रशियावर तुटून पडणार, हें त्यानें सांगितलें नाहीं. तें जपान्यांस सांगूं नये असा लेखी हुकूमच ५ मार्चला सुटला होता. मात्सुओका परतीच्या वाटेवर मॉस्कोंत थांबला व १३ एप्रिलला त्यानें स्टालिनशीं तटस्थतेचा करार केला. स्टालिन स्वतः स्टेशनावर निरोप द्यावयास आला व त्यानें या पाहुण्यास मिठी मारली. १९३९ सालीं रिबेनट्रॉपनें जें जपानला न विचारतां केलें, तेंच मात्सुओकानें जर्मनीस न विचारतां केलें.

२२ जूनला जर्मन फौजा रशियांत घुसल्या. आतां मात्र हिटलरच्या दोस्तापुढें सोन्यासारखी संधि होती: पश्चिमेकडून जर्मनी, पूर्वेकडून जपान, मध्यें रशिया. १९३६ पासून ज्यासाठीं हा सारा खटाटोप, तो क्षण आला. मात्सुओका आपली दोन महिन्यांची सही विसरून रशियावर चालून जावें म्हणूं लागला. मांचुरियांत सुमारें सात लाख फौज जमलीही. परंतु नोमोनहानची आठवण ताजी होती, आणि सैबेरियांत तेल नव्हतें. २ जुलैच्या दरबारीं बैठकींत दक्षिणेची वाट धरण्याचें ठरलें व मात्सुओकास घरीं बसावें लागलें. हा निर्णय बर्लिनपेक्षां मॉस्कोस अधिक नीट कळला. कारण जर्मन राजदूत ओट्टच्या अगदीं विश्वासांतला रिचर्ड सोर्ज हा बातमीदार खरा रशियाचा हेर होता. हिंवाळ्याच्या तोंडाशीं सैबेरियाकडील कांहीं पलटणी मॉस्कोच्या रक्षणासाठीं पश्चिमेस सरकल्या. सोर्ज ऑक्टोबरांत पकडला गेला व १९४४ सालीं फांशीं गेला.

दक्षिणेची वाट थेट अमेरिकेच्या दारांतून जात होती. जुलैअखेर जपाननें दक्षिण इंडोचीन व्यापलें. अमेरिकेनें जपानचा पैसा गोठविला व तेल बंद केलें. सांठा सुमारें दोन वर्षांचा. तेल नसेल तर आरमार नाहीं, आणि तेल हवें तर लढाई. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बाँब पडले. हल्ला कोठें व कधीं होणार, हें बर्लिनला ठाऊक नव्हतें. हल्ला जपाननें केलेला असल्यामुळें करारान्वयें जर्मनी बांधलेली नव्हती. तरीही ११ डिसेंबरला हिटलरनें आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलें. मॉस्कोसमोर त्याच्या फौजा नुकत्याच मागें रेटल्या जाऊं लागल्या होत्या. अमेरिकेशीं युद्ध आज ना उद्यां होणारच. तर तें पॅसिफिकमध्यें गुंतलेली असतांना व्हावें, आणि जपाननें मध्येंच तडजोड करूं नये, असा त्याचा हिशेब होता. त्याच दिवशीं स्वतंत्र तह न करण्याचें वचन तिघांनीं एकमेकांस दिलें. अमेरिकेस युद्धापासून दूर ठेवण्यासाठीं झालेल्या कराराच्या तीन सहीदारांचें अमेरिकेशीं युद्ध जुंपण्यास चौदा महिने व दोन आठवडे लागले.

प्रत्यक्ष सहकार्याविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. जर्मनी-जपानमधला सोईचा रस्ता म्हणजे सैबेरियाची आगगाडी; तो रस्ता जर्मनीनेंच रशियावर हल्ला करून तोडला होता. १९४२ च्या एप्रिलमध्यें जपानी आरमारानें कोलंबो व त्रिंकोमालीवर हल्ले केले, विशाखापट्टण व कोकोनाडा येथेंही बाँब पडले. हिंदी महासागरांत दोघांची गांठ पडते कीं काय असें क्षणभर वाटलें. पण तें आरमार लगेच पॅसिफिककडे वळलें व जूनमध्यें मिडवेपाशीं त्याचा कणा मोडला. रशियाशीं जपानची तटस्थता कायम होती. तीमुळें अमेरिकेनें रशियास दिलेल्या मालापैकीं वजनानें जवळजवळ निम्मा माल, धान्य, मोटारी, यंत्रें, रशियन निशाण लावलेल्या जहाजांतून जपानच्या डोळ्यांदेखत व्हलाडिव्होस्टॉकला उतरत राहिला. त्या मोटारींत बसून रशियन सैनिक जर्मनांवर चालून जात होते.

उरल्या पाणबुड्या. १९४३ च्या फेब्रुवारींत सुभाषचंद्र बोस व आबिद हसन कील बंदरांतून जर्मन पाणबुडींत बसले व एप्रिलअखेर मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रांत रबरी तराफ्यावरून जपानी पाणबुडींत गेले. दोन दोस्त राष्ट्रांची समक्ष भेट म्हणतात ती बहुधा अशी, भर समुद्रांत, तासां-दोन तासांची होई. युरोपकडे निघालेल्या पांच जपानी पाणबुड्यांपैकीं जाऊन सुखरूप घरीं परतली ती एकच. टोकियो-बर्लिनमधला खरा अखंड दुवा म्हणजे राजदूत झालेल्या ओशिमाच्या तारा. हिटलर त्याच्याशीं मोकळेपणानें बोले. तो तें सारें, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील तटबंदीच्या बारकाव्यांसह, सांकेतिक लिपींत घरीं कळवी. अमेरिकनांनीं ती लिपि १९४० सालींच उलगडली होती. मैत्रीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता नकळत शत्रूचा सर्वांत विश्वासू बातमीदार झाला.

१९४५ च्या एप्रिलमध्यें ‘यू-२३४’ ही जर्मन पाणबुडी नॉर्वेहून जपानकडे निघाली. तिच्या पोटांत सुटें केलेलें एक जेट विमान, नकाशे व ५६० किलो युरेनियम ऑक्साइड होतें; बरोबर दोन जपानी आरमारी अधिकारी होते. ती अटलांटिकमध्यें असतांना जर्मनी शरण गेली. कप्तानानें अमेरिकनांच्या स्वाधीन होण्याचें ठरविलें, तेव्हां त्या दोघांनीं झोंपेचें औषध घेऊन आपला शेवट करून घेतला. जर्मन खलाशांनीं त्यांचे देह समुद्रांत सोडले व १४ मे रोजीं पाणबुडी मालासह अमेरिकन विनाशिकेच्या हवालीं झाली.